राजमती आत्याची हिरवी टिकली

शमिका मगदूम एका दिवसात जेवढी कामं उरकायची ठरवायची, तेवढी उरकायला एखाद्या ग्रामपंचायतीला पाच वर्षं पुरली नसती. बँक, शिंपी, दाताचा डॉक्टर, मैत्रिणीचं बाळ बघणं, जाता जाता भाजी, येता येता लायब्ररी, आणि वेळ उरला तर पोहणं. वेळ आजवर कधी उरला नव्हता, पण पोहण्याचा पोशाख मात्र रोज पिशवीतून सांगलीभर हिंडून यायचा. ‘जाता जाता’ आणि ‘येता येता’ होणारी कामं तिच्या हिशेबात फुकट होती. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा निम्मी कामं तशीच राहिलेली असायची आणि तिचं तोंड एवढंसं झालेलं असायचं.

गंमत म्हणजे ती नोकरी नियोजनाचीच करायची. कुपवाडच्या एमआयडीसीत पंपांचा कारखाना होता, तिथे कोणत्या यंत्रावर कधी कोणतं काम लावायचं हे ती ठरवायची. यंत्राला मध्ये थांबा लागतो, वंगण लागतं, सोमवारी सकाळी ते जरा उशिरा रंगात येतं, हे सगळं तिला पाठ होतं. हेच नियम दोन पायांच्या माणसालाही लागू असतील अशी शंका तिला कधी आली नाही.

त्यात लग्न ठरलं. मुलगा पारस चौगुले, न्यूझीलंडमधल्या एका मोठ्या डेअरीत इंजिनिअर. स्वभावाने गरीब, आणि दुधाखेरीज कोणत्याही विषयावर थोडक्यात बोलणारा. लग्न झालं की आठवड्याभरात दोघं विमानात बसणार होती. म्हणजे खरेदी, व्हिसा, निरोप, पार्लर, नोकरीतली सोडासोडी आणि केळवणं, सगळं महिन्याभरात. शमिकाने हे सारं कागदावर मांडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तिने टिकली विकत घेतली.

टिकली त्या वर्षी नुकतीच बाजारात आली होती. दिसायला बायकांच्या टिकलीसारखीच, नखाएवढ्या आकाराची, कपाळाला चिकटणारी. टॉर्चवर बोट ठेवलं की बोट लाल दिसतं, कारण लाल प्रकाश मांसातून थोडाफार आरपार जातो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कपाळाच्या हाडातूनही आत जातो. प्राणवायू भरलेलं रक्त हा प्रकाश वेगळ्या रीतीने शोषतं आणि प्राणवायू संपलेलं रक्त वेगळ्या रीतीने. टिकली असा प्रकाश आत सोडायची, परत आलेला मोजायची आणि कपाळामागचा मेंदू किती राबतोय हे ओळखायची. ठरवणं, लक्ष देणं, धीर धरणं ही सगळी कामं तिथेच चालतात. दम असेल तर टिकली हिरवी दिसायची, निम्मा संपला की पिवळी आणि सगळा संपला की लाल. फक्त ज्याची टिकली त्याला स्वतःला ती दिसत नसे, समोरच्याला दिसे. हा दोष कसा दूर करावा हे कंपनीला सुचलं नव्हतं, म्हणून जाहिरातीत त्याला ‘पारदर्शकता’ म्हटलं होतं.

टिकलीच्या जोडीला फोनमध्ये एक बाई बोलायची. तिचं नाव उमेद. आठवडाभर तिने शमिकाबरोबर मुकाट्याने सांगली पालथी घातली आणि आठव्या दिवशी सकाळी तोंड उघडलं.

“शमिकाताई, तुम्ही आज अकरा कामं सांगितलीत. यातली चार झेपतील.”

“अगं, सगळी छोटी आहेत. शिंप्याकडे तर पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.”

“ब्लाऊज झालेला नाही हे सांगायलाच त्यांना अर्धा तास लागतो. शिवाय तिथून निघाल्यावर तुमच्यात रिक्षावाल्याशी बोलण्याइतकंही त्राण उरत नाही. शिंपी उद्या सकाळी घेऊ, पोट भरलेलं असताना.”

शमिकाने कुरकुरत चार कामं केली. चारही झाली. संध्याकाळी ती घरी येऊन गॅलरीत बसली आणि ऊन उतरताना पाहिलं. सांगलीत ऊन उतरतं हे ती विसरूनच गेली होती.

हळूहळू गाव टिकल्यांनी भरून गेलं. पुरुष गंधासारखी लावायचे. कचेऱ्यांमध्ये ‘साहेबांची लाल आहे, उद्या या’ हे उत्तर रूढ झालं. कापडपेठेत कायम लाल राहणाऱ्या नकली टिकल्या डझनावर विकायला आल्या. त्या सासुरवाशिणींनी घेतल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात सासवांनीही घेतल्या, त्यामुळे कित्येक घरांत स्वयंपाक नवऱ्यांच्या गळ्यात पडला.

शमिकाने तिघांसाठीचं पाकीट घेतलं होतं. उरलेल्या दोन टिकल्या घेऊन ती पलीकडच्या गल्लीत राजमती आत्याकडे गेली. शमिका चार वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हा ही आत्या सकाळी वेणी घालायला म्हणून आली ती पंचवीस वर्षं येतच राहिली होती. तिने उभा जन्म मेस चालवून कॉलेजच्या पोरांना जेवू घातलं होतं. मनात आलेली गोष्ट तिच्या जिभेपर्यंत यायला वाटेत कुठे नाका लागत नसे.

“मला कशाला ही थेरं?” आत्या म्हणाली. “मी काय दमते होय?”

तरी तिने कुंकवाच्या खाली टिकली चिकटवली आणि दिवसभर तशीच वावरली. दूधवाल्याला दुधात पाणी आहे की पाण्यात दूध ते विचारलं. शेजारणीला सांगितलं, नवी चमकी तुझ्या नाकाला शोभत नाही. तीन नातेवाइकांना फोन करून तिघांच्याही चुका त्यांना सांगितल्या. टिकली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोपटासारखी हिरवी. कंपनीने पाहिलं असतं तर आत्याला जाहिरातीत घेतलं असतं.

याउलट आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. हे दिवसभर ओटीवर खुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि विचारलं तर ‘हं’ म्हणायचे. त्यांच्या कपाळावर टिकली चिकटते न चिकटते तोच लाल झाली. बिघडली असेल म्हणून शमिकाने दुसरी आणून दिली. तीही लाल.

“बघ,” आत्या म्हणाली. “ह्यांना पेपर वाचूनसुद्धा दमायला होतंय.”

“हं,” आतोबा म्हणाले.

मग केळवणं सुरू झाली. नवरीला प्रेमाने घरी बोलवायचं आणि ती जागची उठू नये इतकं खायला घालायचं, ही आपल्याकडची रीत. मगदूम मंडळी जैन, त्यातून जुनी खोडं दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. त्यामुळे सगळी केळवणं उजेडातच बसवायची होती. उमेदबाईंनी ती फार हुशारीने बसवली, पण एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती. यजमानीण आता नवरीच्या ताटाकडे बघत नव्हती, कपाळाकडे बघत होती.

विश्रामबागेतली काकू चारचौघांत सांगू लागली, “आमच्याकडून निघाली तेव्हा हिरवीगार होती हो.” मिरजेच्या मामीकडे टिकली पिवळी झाली, कारण मामी तासभर न्यूझीलंडातल्या भूकंपांची माहिती देत होत्या. मामींनी तो अपमान मनाला लावून घेतला आणि पोरीला पुन्हा जेवायला बोलावलं. दुसऱ्या खेपेला भूकंप वगळले होते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका सकाळी उमेद म्हणाली, “शमिकाताई, राजमती आत्या हे तुमच्या दिवसातलं सर्वांत जड काम आहे. त्यांचं केळवण तुम्ही पहिलं धरलं होतं, ते आपण शेवटी ठेवू. तेही थोडक्यात आटपू.”

शमिकाला राग आला. जिने लहानपणी तिच्या उवा काढल्या तिला काम म्हणायचं, तेही जड? पण आजवर उमेदचा एकही अंदाज चुकला नव्हता, आणि आत्या येऊन गेली की छातीत दगड ठेवल्यासारखं होतं हेही खोटं नव्हतं. तिने ‘बरं’ म्हटलं. पुढे जे झालं ते या एका ‘बरं’मुळे झालं.

एका दुपारी ती जमिनीवर बसून बॅग भरत होती. आत्या लाडवांचा डबा घेऊन दारात आली. शमिकाने मागे वळून पाहिलं. तिच्या स्वतःच्या कपाळावरची टिकली हिरवी होती. आत्या एक अक्षरही बोलली नव्हती, पण तिला पाहताक्षणी ती टिकली पिवळी आणि लगेच लालभडक झाली. हे आत्याने पाहिलं. याआधीही दोनचारदा पाहिलं होतं, पण तेव्हा तिने दोष कारखान्यातल्या कामाला दिला होता. आता तिचं केळवणही पहिल्यावरून शेवटी गेलं होतं.

“दमलीस होय गं शमे?”

“नाही गं आत्या. ये की.”

“दिसतंय की मला.”

तिने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिचा शमिकाच्या वडिलांना, अप्पांना, फोन आला. “माझं केळवण राहू दे. पोरीला झेपत नाही.” एवढं बोलून फोन बंद. अप्पांनी फोनकडे बघतच बसकण मारली. बहीण भांडली असती, रडली असती, सात पिढ्या काढल्या असत्या तर त्यांना काही वाटलं नसतं. दोन वाक्यांत आटपलेली राजमती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

आत्याचं येणं बंद झालं. शमिका गेली तर दाराला कडी आणि आतून मिक्सरचा आवाज. फोन केला तर आतोबा उचलायचे आणि ‘हं’ म्हणून ठेवायचे. काकूकडून बातमी आली, की लग्नाला राजमती येणार आहे, अक्षता टाकणार आहे आणि मांडवातून तशीच परत जाणार आहे, पंगतीला बसणार नाही. आणि त्यानंतर आठवड्यात विमान होतं. शमिकाला वाटलं, आपण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ आणि मागे उंबऱ्यावर तो लाडवांचा डबा तसाच राहील. मेंदीच्या दिवशी दुपारी तिने संतापून कंपनीला फोन लावला.

“तुमची टिकली खोटं बोलते,” ती म्हणाली. “माझी आत्या आली की लाल होते. मला आत्याचा कंटाळा येत नाही.”

“मॅडम, कंटाळा टिकलीला कळतच नाही,” पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. “दम मोजते असं आम्ही म्हणतो, कारण लोकांना तेवढंच समजतं. खरं तर कपाळामागचा मेंदू आवर घालायचं काम करतो. जिभेला, हसण्याला, रडण्याला. डोकं लढवून हिशेब केला तरी तिथं श्रम पडतात आणि ओठांवर आलेलं परतवलं तरी पडतात. टिकलीला दोन्ही सारखंच दिसतं. या आत्यांसमोर तुम्ही काही गिळता का?”

“लाडू.”

“तसं नाही मॅडम.”

शमिकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिच्या डोळ्यांसमोर आधी आतोबा आले. चाळीस वर्षं ओटीवर बसून त्या माणसाने एका शब्दाचं उत्तर दिलं होतं आणि उरलेले सगळे शब्द गिळले होते. त्यांची टिकली लाल नसती तरच नवल. आणि आत्याची हिरवी का, तेही उघड होतं. त्या बाईने आजवर गिळलेलंच काही नव्हतं.

“मॅडम, आहात का?”

शमिकाने फोन ठेवून दिला. लग्न ठरल्यापासून आत्या दिसली की एकच गोष्ट तिच्या तोंडाशी यायची आणि ती परतवून लावताना तिचा सगळा दम जायचा. तिला भीती वाटत होती. ज्या गावात आत्या नाही अशा गावात ती आजवर राहिली नव्हती. आत्यासमोर एकदा रडलो तर आपण विमानात चढणारच नाही, या धास्तीने ती महिनाभर नुसती हसत होती.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. मेंदी काढणारी बाई हॉलमध्ये कोन कापत बसली होती.

“शमिकाताई,” उमेद म्हणाली, “आज तुमच्याकडे फक्त मेंदीपुरता दम आहे. आत्यांकडे जाणं झेपणार नाही.”

“गप्प बस,” शमिका म्हणाली आणि स्कूटरची किल्ली घेऊन पळाली. मागून अप्पा ओरडले, “अगं, मेंदी!” तिने जाता जाता म्हटलं, “येता येता.”

आत्याच्या दाराला आज कडी नव्हती. ओटीवर आतोबा पेपर धरून बसले होते, कपाळावर लाल टिकली. घरभर पुरणाचा वास सुटला होता. आत्या तव्यासमोर होती, तिच्याही कपाळावर टिकली होती, हिरवी.

“आलीस होय?” आत्या वळून न बघता म्हणाली. “नको म्हटलं होतं ना मी. दमशील. तुझ्या त्या फोनमधल्या बाईला विचारून आलीस का?”

“पोळ्या कुणासाठी करतेस?”

“ह्यांच्यासाठी. ह्यांना आवडतात.”

आतोबांना साखरेचा आजार होता. पुरण त्यांना लांबून दाखवायलाही डॉक्टरांची बंदी होती. पोळ्यांची चळत शमिकाच्या कोपरापर्यंत आली होती, शेजारी कटाची आमटी, केळ्याची भजी, तुपाची वाटी. पाट मांडलेला, आणि पाटाभोवती रांगोळीसुद्धा.

“बस आता आलीयास तर,” आत्या म्हणाली. “दिवस बुडायला आलाय. नंतर मी घास वाढणार नाही, सांगून ठेवते.”

शमिका पाटावर बसली. खिडकीतून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर वर वर सरकत होतं. आत्याने वाढायला सुरुवात केली. आत्या वाढत होती आणि बोलत नव्हती. मेंदी का नाही काढलीस, असं विचारलं नाही. वाळलीस म्हटलं नाही. मामीच्या भूकंपांबद्दल एक शब्द नाही. पोळीवर तूप सोडायला ती वाकली तेव्हा शमिकाने मान वर केली. आत्याची टिकली पिवळी झाली होती. पाहता पाहता ती कुंकवाच्या रंगाची झाली.

ती टिकली आजवर कधी लाल झाली नव्हती. शमिकाचा घास हातातच राहिला.

ओटीवरचा पेपर खाली आला.

“राजमती,” आतोबा म्हणाले, “तुझी लाल झालीय.”

“बिघडली असेल.”

“बिघडली नाही. बोल काय ते.”

आतोबांनी क्रियापद वापरलेलं शमिकाने प्रथमच ऐकलं. आत्यानेही बहुतेक लग्नानंतर प्रथमच ऐकलं असावं, कारण ती तुपाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

“काय बोलू?” ती म्हणाली. “जाऊ नकोस म्हणू? तिकीट काढलंय, पोरगा चांगला आहे, मग म्हणून काय उपयोग? म्हणून मी गप्प बसले, तर तुम्हाला तेही बघवत नाही.” मग ती शमिकाकडे वळली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. “जाऊ नकोस गं शमे. झालं. बोलले. तू जाशीलच, जायलाच पाहिजे. पण मला वाटतंय, जाऊ नये.”

“मला भीती वाटते गं आत्या,” शमिका म्हणाली. “तुला बघितलं की रडू येतं. ते दाबून दाबून माझी टिकली लाल होते. तुझा कंटाळा येतो म्हणून नाही. ती फोनमधली बाई तुला जड म्हणाली आणि मी बरं म्हटलं.” आणि महिनाभर अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. ती मोठ्याने, लहान मुलासारखी रडली. आत्या पाटाशेजारी फरशीवरच बसली, पीठ लागलेल्या हाताने तिला जवळ घेतलं आणि स्वतःही रडली. दोघींच्या टिकल्या आधी पिवळ्या आणि मग अगदी हिरव्यागार झाल्या, पण ते फक्त आतोबांना दिसलं.

मग आत्याने पदराने नाक पुसलं आणि भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिलं. ऊन आता छताला टेकायला आलं होतं.

“रड तुला हवं तेवढं,” ती म्हणाली, “पण घास थांबवू नकोस. रडत जेवलेलं चालतं, अंधारात चालत नाही.”

शमिका रडत रडत जेवू लागली. तेवढ्यात ताटाशेजारी ठेवलेला फोन बोलला. “शमिकाताई, तुमच्याकडे आता भरपूर दम शिल्लक दिसतोय. एखादं राहिलेलं काम घ्यायचं का?”

“आहे की काम,” आत्या फोनला म्हणाली. “अजून दोन पोळ्या संपवायच्यात. आणि बाई, कुणाला जड म्हणायच्या आधी जरा विचारत जा.”

शमिकाने फोन पालथा घातला आणि ताट पुढे केलं. आतोबा पेपर घडी करून आत येऊन बसले होते. आधी त्यांनी आमटीला मीठ कमी असल्याचं सांगितलं, मग गेल्या वर्षीच्या आमटीबद्दल सांगितलं, मग मेस सुरू करताना आपलं मत कुणी विचारलं नव्हतं तिथवर गेले. चाळीस वर्षांचं साठलेलं होतं, ते काही दिवस मावळायच्या आत संपणार नव्हतं. त्यांच्या कपाळावरची टिकली हिरवी झाली होती. आत्या ओठ घट्ट मिटून ऐकून घेत होती, आणि तिची पुन्हा लाल झाली होती.